पठारावरच्या गुहांची वाट कशी शोधावी? हरिश्चंद्रगड आणि भोवतालचा सह्याद्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीतल्या गडांवर आणि पठारांवर गुहा, लेणी, कपारी पुष्कळ आहेत. त्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, पण माथ्यावर पोहोचल्यावर ‘आता नेमकं कुठे?’ हा प्रश्न बहुतेकांना पडतो. इथे मुख्य उदाहरण हरिश्चंद्रगडाचं घेतलंय. गुहांसाठी एवढी माणसं दुसऱ्या क्वचितच कुठल्या गडावर येतात, आणि वाट चुकायला तिथलं पठार पुरेसं मोठं आहे. गरज पडेल तिथे नाणेघाट, पाचगणी, अंकाई यांचेही दाखले दिलेत.

जीपीएस म्हणतो गुहेवर पोहोचलात. आजूबाजूला तर नुसतं गवत आहे. गुहा कुठे गेली?

बहुतेक वेळा ती तुमच्या पायाखाली असते.

नकाशावरचा ठिपका तुम्ही किती पूर्वेला, किती उत्तरेला आहात ते सांगतो. त्या ठिपक्याच्या वर उभे आहात की खाली, ते सांगत नाही. पठाराच्या कडेच्या गुहा माथ्याच्या पातळीला नसतात. कड्याच्या पोटात, माथ्यापासून दहा-वीस मीटर किंवा त्याहूनही खाली त्यांची तोंडं उघडतात. मोबाइलवर ठिपका बरोबर जुळतो आणि माणूस मात्र गुहेच्या छतावर उभा असतो. या क्षणी सगळ्यात वाईट काय, तर ‘इथूनच खाली उतरून बघू’ म्हणत कडेवरून वाकणं. गवताखालचा मुरूम सुटा असतो, आणि कडेचा दगड खालून पोकळ आहे हे वरून कळत नाही.

नाणेघाटात हे सहज बघायला मिळतं. नानाच्या अंगठ्यावर, म्हणजे घाटाच्या तोंडाशी असलेल्या अंगठ्यासारख्या कातळावर, उभं राहिलं की समोर कोकण पसरलेलं दिसतं, आणि सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख असलेलं लेणं मात्र कुठेच दिसत नाही. ते घाटाच्या अरुंद घळीत, उतरण सुरू होते तिथे आहे. अंगठ्यावर कितीही हिंडलात तरी ते सापडणार नाही. घळीत शिरून चार पावलं उतरलात की समोरच येतं.

म्हणून गुहेचं स्थान टिपताना ‘अमुक अक्षांश-रेखांश’ एवढ्यावर थांबू नका. सोबत दोन गोष्टी लिहून घ्या: गुहेकडे वरून उतरायचं की खालून चढायचं, आणि वाट मुख्य पायवाटेपासून कुठे फुटते. फाटा कुठे आहे ते ठाऊक असेल तर गुहेचा आकडा नसला तरी अडत नाही. नुसता आकडा असेल आणि फाटा ठाऊक नसेल, तर अर्धा दिवस कडेकडेने फिरण्यात जातो. मोबाइलमधल्या उंचीच्या आकड्यावरही विसंबू नका. आडव्या अंतरापेक्षा त्यात चूक जास्त असते, आणि कड्याला चिकटून उभं राहिलं की उपग्रहांचे संकेत खडकावर आपटून येतात, त्यामुळे ठिपका बराच भरकटतो.

मग या गुहा असतात तरी कुठल्या पातळीला?

सह्याद्री लाव्ह्याच्या थरांनी बनलाय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले हे थर आजही बरेचसे आडवेच आहेत. सगळे थर सारखे टणक नाहीत. काळ्या घट्ट बेसाल्टच्या दोन थरांमध्ये कधी तांबड्या मातकट दगडाचा, कधी भुसभुशीत, भोकाभोकांच्या खडकाचा पट्टा येतो. पाणी आणि वारा हा मऊ पट्टा आधी कोरतात. वरचा टणक थर छतासारखा तसाच राहतो आणि खाली कपार तयार होते. माणसांनी खोदलेल्या लेण्यांनाही एकसंध खडकाचा थर लागतो. तो चुकला की छत टिकत नाही.

यातून वाट शोधणाऱ्याला फार कामाचा धागा मिळतो. थर आडवे, म्हणून गुहाही आडव्या ओळीत येतात. एक कपार सापडली की तिच्याच पातळीत कड्याच्या पायथ्याने आडवं चालत जा. तिथे पदर असेल, म्हणजे कड्याखालची अरुंद सपाटी, तर पुढची कपार, पाण्याचं टाकं किंवा खोदीव ओटा मिळण्याची शक्यता चांगली असते. वर-खाली शोधण्यात दम जातो आणि हाती काही लागत नाही.

पाचगणीचं टेबललँड किंवा महाबळेश्वरचा माथा यांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे वरती जांभ्या दगडाचं जाड कवच आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी त्यातून झिरपतं आणि कवचाच्या खालच्या बाजूला पोकळ्या होतात. तिथल्या गुहा पठाराच्या कडेखाली, कवच संपतं त्या रेषेवर शोधायच्या.

याला अपवाद आहेतच. मनमाडजवळच्या अंकाई-टंकाई या जोडकिल्ल्यांवर जैन लेणी चढण्याच्या वाटेवर डोंगराच्या पोटात आहेत, तर अगस्ती ऋषींची गुहा वर गडावर. गडमाथ्यावर पुन्हा एखादी टेकडी असेल, तर तिच्या पायथ्याशी गुहा हमखास बघाव्यात. हरिश्चंद्रगडावर तारामती शिखराच्या पायथ्याच्या गुहा याच जातीच्या.

गुहा जवळ आली हे कशावरून ओळखायचं?

आधी लांबून बघा. समोरच्या धारेवरून किंवा टेकाडावरून, ऊन तिरकं असताना, कड्यावरच्या सावल्या नीट दिसतात. भर दुपारी सगळा कडा सपाट वाटतो. दुर्बीण असेल तर उत्तमच. लांबून दिसतंय तेव्हाच खुणा ठरवून घ्या: तोंडाच्या वर कुठलं झाड आहे, डावीकडे कुठली घळ उतरते, खाली दरड कोसळल्याचा पांढुरका पट्टा आहे का. एकदा कड्याच्या पायथ्याशी पोहोचलात की वरचं काहीच दिसत नाही, तेव्हा याच खुणा कामी येतात.

जवळ गेल्यावर पाण्याकडे लक्ष द्या. मऊ थरातून पाणी झिरपतं, म्हणून त्या रेषेत उन्हाळ्यातही शेवाळ, नेचे, एखादं उंबराचं झाड असतं. खडकावर वरून खाली आलेले काळपट ओघळ दिसतात. पाकोळी पक्षी एकाच जागी पुन्हा पुन्हा शिरताना दिसले तर तिथे छत असलेली जागा आहे. आणि जमीन बघा. गुराखी पावसात शेळ्या कपारीत घालतात, त्यामुळे तोंडाशी लेंड्यांचा थर साचलेला असतो, माती खुरांनी बारीक झालेली असते, आणि माणूस पाठ टेकून बसतो तिथला खडक घासून गुळगुळीत होऊन चमकतो. वाट एकदम रुंद आणि मऊ झाली, पायाखाली लेंड्या यायला लागल्या, की मान वर करा.

देवाची जागा असेल तर झेंडा, घंटा, शेंदूर लावलेला दगड आधी दिसतो. खोदीव लेण्यांजवळ पायऱ्या किंवा हात-पाय ठेवायच्या खोबण्या कोरलेल्या असतात. त्या झिजून उथळ झालेल्या असल्या तरी पाण्याने झालेल्या खळग्यांहून वेगळ्या ओळखू येतात, कारण त्यांच्यात माणसाच्या पावलाएवढं ठरावीक अंतर असतं.

हरिश्चंद्रगडाच्या गुहांसाठी कुठली वाट धरावी?

पहिल्यांदा जात असाल तर पाचनई. यावर मी ठाम आहे.

पाचनई गडाच्या उत्तरेला, अकोले तालुक्यात आहे. राजूरकडून गाडीरस्ता येतो. गावातून निघालेली वाट काही अंतर कड्याच्या कुशीतून, पुढे झुकलेल्या खडकाखालून जाते. एका बाजूला कातळभिंत, दुसऱ्या बाजूला मंगळगंगेची घळ. ही वाट मळलेली आहे, चढ बेताचा आहे, आणि साधारण दोन-अडीच तासांत हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाजवळ आणून सोडते. गुहा बघायला वेळ हातात राहतो, ही खरी जमेची बाजू.

खिरेश्वरची वाट जुनी आणि भारदस्त आहे. कल्याणहून माळशेज घाट चढून आलं की खुबी फाटा लागतो, तिथून पिंपळगाव जोगे धरणाच्या काठाने खिरेश्वर गाव. गावातलं नागेश्वराचं देऊळ बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यानंतर तोलारखिंड. खिंडीत दगडावर कोरलेलं वाघाचं शिल्प आहे. कोथळ्याकडून येणारी वाटही याच खिंडीत मिळते. खिंडीच्या वर कातळटप्पा आहे, तिथे रेलिंग लावलेलं आहे. टप्पा चढून आलात की पठार, आणि पठारावर पुन्हा मोठी चाल. देवळापर्यंत एकूण चार ते पाच तास धरा, पाठीवर ओझं असेल तर जास्तच. पोहोचता पोहोचता दुपार झालेली असते आणि गुहा घाईत उरकल्या जातात. मुक्काम करणार असाल तर ही वाट जरूर करा.

बेलपाड्याकडून येणारी नळीची वाट, माकडनाळ, साधले घाट या कोकणातून चढणाऱ्या वाटा आहेत. त्या स्वतंत्र मोहिमेच्या वाटा आहेत. दोर, अनुभवी म्होरक्या आणि पूर्ण दिवस हवा. गुहा बघायचं निमित्त करून तिथे शिरू नये.

देवळापाशी पोहोचलो. आता केदारेश्वर आणि गणपतीची गुहा कुठे?

देऊळ हा गडावरचा पक्का खुंटा समजा. सगळ्या शोधाची सुरुवात तिथूनच करा आणि प्रत्येक वेळी तिथेच परत या. एका गुहेकडून परस्पर दुसरीकडे आडवाटेने जाण्याचा मोह टाळा, निदान पहिल्या खेपेला तरी.

केदारेश्वराची गुहा वर नाही, खाली आहे. देवळाजवळून मंगळगंगेचा ओढा वाहतो, त्याच्या अंगाने थोडं उतरलं की गुहेचं रुंद तोंड लागतं. आत मोठं शिवलिंग, भोवती कमरेएवढं थंडगार पाणी, आणि चार खांबांपैकी आता एकच शाबूत. तो खांब पडेल त्या दिवशी युग संपेल, अशी श्रद्धा आहे. जोराच्या पावसात ओढा भरून वाहतो आणि गुहेपर्यंत जाता येत नाही. ‘चार पावलांचं तर अंतर आहे’ म्हणून पाण्यात उतरू नका. पाणी ओसरेपर्यंत थांबा, नाही ओसरलं तर तेवढं दर्शन पुढच्या वेळी.

देवळाच्या पूर्वेला पुष्करणी आहे, तिच्या एका भिंतीत मूर्तींसाठी कोरलेली देवळ्यांची ओळ आहे. तारामतीच्या पायथ्याच्या गुहा देवळाच्या वरच्या अंगाला आहेत. वाट मळलेली आहे. त्यातल्या एका गुहेत साडेआठ फुटांच्या आसपास उंचीचा गणपती आहे, बाकीच्या काही गुहा रिकाम्या आणि राहण्याजोग्या. गणपतीची एक गुहा बघून लोक मागे फिरतात. तसं करू नका. थरांबद्दल वर सांगितलंय तेच इथे करा, म्हणजे त्याच पातळीत आडवं चालत जा. बाकीच्या गुहा शेजारीशेजारीच आहेत, आणि त्यांची दारं, ओटे, छतं सावकाश बघण्यासारखी आहेत.

तारामतीचं शिखर, उंची सुमारे १४२९ मीटर, हा गडावरचा सगळ्यात उंच माथा. वेळ असेल तर वर जा. सगळं पठार एका नजरेत येतं आणि आपण कुठून कुठे चाललो ते कळतं. कोकणकडा देवळाच्या पश्चिमेला, अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीवर.

तोलारखिंडीनंतर इतके लोक वाट का चुकतात? चकवा खरंच लागतो का?

चकवा लागतो, आणि त्याची कारणं जमिनीतच आहेत. खिंडीवरून पठारावर आलं की एकामागून एक सारख्याच दिसणाऱ्या टेकड्या येतात. एक चढलो की पुढची, ती उतरलो की तिसरी. झाडं सारखी, गवत सारखं, मधले ओढे सारखे. त्यात बालेकिल्ल्याकडे आणि इतर बाजूंना फुटणाऱ्या वाटा मुख्य वाटेइतक्याच रुळलेल्या दिसतात. देऊळ शेवटपर्यंत दिसत नाही, कारण ते खोलगट भागात आहे. धुकं उतरलं की सरळ चाललोय असं वाटत असताना माणूस हळूहळू एका बाजूला वळत जातो आणि पुन्हा त्याच झाडाशी येतो. या टापूत वाट चुकून रात्र काढावी लागलेले गट आहेत, थंडी-पावसात जीव गेल्याच्या घटनाही आहेत. त्यामुळे जपून चाला.

उपाय साधे आहेत. प्रत्येक फाट्यावर थांबा आणि मागे वळून बघा. परतताना तीच जागा उलट्या बाजूने दिसणार आहे, आणि उलट्या बाजूने ती ओळखीची वाटत नाही. फोटो काढायचाच तर पुढचा काढताच, मागचाही काढा. गटातला शेवटचा माणूस दिसत नसेल तर पुढच्याने पाऊल टाकायचं नाही. आणि फोनमध्ये ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची जीपीएस नोंद, गावातूनच सुरू करा. चुकल्यावर सुरू केलेला ट्रॅक फक्त चुकलेली वाट नोंदवतो.

धुक्यात अडकलो तर काय करायचं?

बसा. सह्याद्रीतलं धुकं येतं-जातं. पंधरा-वीस मिनिटांत एखादी फट पडते आणि ओळखीचं काहीतरी दिसतं. तेवढ्यात दिशा लावून घ्या. ज्या शेवटच्या जागेबद्दल खात्री होती तिथपर्यंत ट्रॅकवरून मागे या, पुढे अंदाजाने जाऊ नका.

कोकणकड्याच्या बाजूला असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पठारं पूर्वेकडे हलकेच उतरतात आणि पश्चिमेला एकदम तुटतात. अनेक ठिकाणी कड्याची धार आसपासच्या जमिनीपेक्षा किंचित उंच असते. ‘उतार लागला तर सावध होऊ’ हा हिशेब तिथे चालत नाही, चढ चढता चढताच जमीन संपते. खालून वर येणारा गार वारा तोंडावर जोराने लागला तर तिथेच थांबा. रात्री किंवा धुक्यात कड्याकडे जाऊच नये.

याच कड्यावर कधी कधी इंद्रवज्र दिसतं, खालच्या ढगावर आपली सावली आणि भोवती रंगीत वलय. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३५ मध्ये ते पाहिल्याची नोंद आहे. ढग खाली आणि ऊन पाठीमागे असेल तेव्हाच ते दिसतं, म्हणजे तुम्ही स्वच्छ उजेडात उभे असता. पांढऱ्या धुक्यात बुडून त्याची वाट बघत कडेला उभं राहण्यात काही अर्थ नाही.

ओढ्याच्या काठाने उतरत गेलं की गाव लागतंच, असं म्हणतात ना?

सपाटीवर लागतं. पठारावरचा ओढा बहुतेकदा धबधब्याकडे जातो. एका टप्प्यावरून घसरत उतरता येतं, पुढचा टप्पा उतरता येत नाही आणि मागे चढताही येत नाही. सोडवायला जावं लागतं ते अशाच ठिकाणी अडकलेल्यांना. पाचनईची वाट मंगळगंगेच्या जोडीने जाते खरी, पण ती काठावरच्या बांधीव, मळलेल्या मार्गाने जाते, पात्रातून नाही.

ढोरवाट आणि माणसांची वाट यांत फरक कसा करायचा?

ढोरवाटा चाऱ्याकडे आणि पाण्याकडे जातात. त्या पसरतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात आणि गवतात विरून जातात. झुडपांच्या फांद्या कमरेच्या उंचीला मोकळ्या पण छाती-डोक्याच्या उंचीला आडव्या येत असतील तर ती वाट जनावरांची. माणसांच्या वाटेला हेतू असतो. ती खिंडीकडे, सोंडेकडे किंवा देवाकडे जाते, चढावर नागमोडी घेते, कातळावर आली की तिथे घासल्याचा फिकट पट्टा दिसतो, वळणावर एखादा दगड मुद्दाम बसवलेला असतो.

ढोरवाट कायम चुकीची असते असं मात्र नाही. कपारी शोधताना गुराख्यांच्या वाटाच तुम्हाला नेमक्या जागी नेतात. घरी परतायला ढोरवाट धरू नका, एवढंच.

नकाशा कुठला वापरावा?

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. ते जवळ असावेत. या प्रमाणात कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या दर २० मीटरला असतात. याचा अर्थ असा की पंधरा मीटरचा उभा कडा दोन रेषांच्या मधे लपू शकतो, नकाशावर त्याचा मागमूसही नसतो. नकाशावर मोकळा उतार दिसला म्हणून सरळ रेषेत उतरायचा बेत आखू नका.

उपग्रहाच्या चित्रांवर पायवाटा उन्हाळ्यात ठळक दिसतात, गुहांची तोंडं मात्र बहुधा दिसत नाहीत, कारण चित्र वरून घेतलेलं असतं आणि तोंड बाजूला असतं. लोकांनी चढवलेले ट्रॅक उतरवून घ्यायला हरकत नाही. एक न घेता दोन-तीन घ्या आणि एकमेकांवर ठेवून बघा. जिथे सगळे एका रेषेत आहेत ती मळलेली वाट. जिथे ते फाटतात, तिथे लोक गोंधळले आहेत हे समजा आणि त्या जागी आपण कसं वागायचं ते घरीच ठरवा.

गावात वाट विचारायची कशी?

‘गुहेकडे हीच वाट जाते ना?’ असं विचारू नका. उत्तर ‘हो’ येतं. खोटं सांगायचं म्हणून नव्हे, तर पाहुण्याला नाही म्हणायची रीत नसते आणि ती वाट कुठून तरी तिकडे जातही असते. त्याऐवजी म्हणा, ‘मामा, इथून पुढं वाटा कुठं कुठं फुटतात?’ किंवा ‘मावशी, वर पाणी कुठं मिळतं?’ मग माणूस हाताने दिशा दाखवत, मोठं झाड, ओढा, पडकी चौकी अशा खुणा सांगत बोलायला लागतो. त्या खुणा लिहून घ्या. गुरं राखणाऱ्यांना डोंगराची कानाकोपऱ्यातली माहिती असते, विशेषतः पावसात कुठली कपार कोरडी राहते ती. ‘पांडवलेणी’, ‘कपार’, ‘देवाचं घर’ असं काहीही नाव असेल. तुम्ही फोटो दाखवलात तर लगेच कळतं.

अंतर तासांत विचारा आणि मिळालेलं उत्तर दीडपट धरा. ‘हे काय, इथंच’ म्हणणाऱ्याची चाल रोजची असते.

वाटाड्या घ्यावा का?

घ्यावा. पहिल्या खेपेला, पावसाळ्यात, आणि लहान-मोठ्या अपरिचित गुहा बघायच्या असतील तर नक्कीच. या भागातली महादेव कोळी, ठाकर समाजाची माणसं पिढ्यान् पिढ्या हा डोंगर वापरत आली आहेत. पैसे आधी मोकळेपणाने ठरवा आणि ठरलेले पूर्ण द्या, घासाघीस करू नका. जेवण गावातल्याच घरी घ्या. वाटाड्याबरोबर चालताना फोन खिशात ठेवून त्याच्या पायांकडे बघा. तो कुठे थांबतो, कुठल्या दगडावर हात ठेवतो, कुठल्या फाट्यावर न बोलता वळतो, हे टिपलंत तर पुढच्या डोंगरावर उपयोगी पडेल.

कुठले महिने चांगले?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सप्टेंबर-ऑक्टोबरात पठार फुलांनी सुंदर असतं, पण गवत उंच आणि वाटा बुजलेल्या. कड्याची कडही गवतात दिसत नाही. मार्चनंतर वाटा अगदी स्वच्छ दिसतात, पण पाणी आटतं आणि ऊन पेलत नाही. एप्रिल-मे आणि जूनच्या सुरुवातीला दुपारनंतर वळवाचे ढग जमतात. मोकळ्या पठारावर विजेपासून आडोसा नसतो. कपारीच्या तोंडाशी टेकून बसणंही त्या वेळी सुरक्षित नाही. दुपारच्या आत खाली या. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणून उतरायला तीन वाजता निघायचं हे आधीच ठरलेलं असू द्या, गुहा सापडलेली असो वा नसो.

गुहेत मुक्काम करता येतो का?

हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मुक्कामाचे, तंबूंचे, शुल्काचे नियम वनखातं ठरवतं आणि ते बदलत राहतात. पाचनईत किंवा खिरेश्वरात चौकशी करूनच वर जा.

परवानगी असेल तर कोरड्या, रिकाम्या गुहेत राहा. देवाच्या किंवा कोरीव काम असलेल्या गुहेत चूल कधीही पेटवू नका. धुराची काजळी दगडाच्या छिद्रांत शिरते आणि निघत नाही. खरवडून काढायला गेलं तर कोरीव कामच जातं. चांगदेवांच्या तपाची परंपरा सांगणाऱ्या, शिलालेख अंगावर वागवणाऱ्या या जागेत एका रात्रीच्या चहासाठी भिंत काळी करायची, हे मनाला पटत नाही. स्वयंपाक बाहेर, वाऱ्याच्या आडोशाला करा. केदारेश्वराच्या पाण्यात साबण, भांडी, पाय धुणं नको. टाक्यातलं पाणी पिण्याआधी उकळा किंवा गाळा.

मधमाश्या, साप, वटवाघळं यांचं काय?

यांत सगळ्यात जपायचं ते आग्या मोहोळांना. कड्यांच्या पुढे झुकलेल्या भागाखाली आणि गुहांच्या तोंडांवर ती लटकलेली असतात. धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा, दगड मारणं, फ्लॅश यांनी माश्या उठतात. गुहेत शिरण्याआधी छताकडे बघा. मोहोळ दिसलं तर त्या गुहेचा नाद सोडा. माश्या उठल्याच तर तोंड-मान झाकून त्या जागेपासून दूर पळा, पण पळताना कडा कुठल्या बाजूला आहे ते विसरू नका.

साप उन्हाळ्यात गारव्याला कपारीत येतात. हात घालण्याआधी बॅटरी मारा, दगड उचलताना आपल्याकडच्या बाजूने उचलू नका. फुरसं लहान असतं आणि दगडाच्या रंगात मिसळून जातं. वटवाघळं असलेल्या खोल गुहेत विष्ठेची धूळ श्वासात जाणं आरोग्याला चांगलं नाही, आणि आपल्या उजेडाने त्यांची पिल्लंही खाली पडतात. दारातूनच बघून फिरा.

पुढच्यांना सोपं जावं म्हणून दगडावर बाण रंगवले तर?

नको. ऑइलपेंट वर्षानुवर्षं राहतो, वाट मात्र दरड पडून बदलते, मग जुना बाण माणसाला कड्यावर नेतो. स्वतःसाठी खूण हवी असेल तर तीन दगड एकावर एक रचा आणि परतताना मोडून टाका.

आईवडिलांना, मुलांना नेता येईल का?

पाचनईच्या वाटेने, कोरड्या दिवसांत, पहाटे निघून, हो. तोलारखिंडीचा कातळटप्पा रेलिंग असलं तरी लहान मुलांसाठी नको. कोकणकड्यावर मुलांचा हात सोडू नका, आणि कडेला जायचंच असेल तर मोठ्यांनीही पालथं झोपूनच बघा.

वर नेटवर्क नसतं. काही झालं तर मदत कशी मागायची?

जीपीएसला नेटवर्क लागत नाही, त्यामुळे आपली जागा कळते. ती सांगायला नेटवर्क लागतं. नेटवर्क गुहेत आणि घळीत जातं, उघड्या धारेवर कधी कधी एखादी काडी येते. जखमी माणसाजवळ एकाला थांबवून दोघांनी उंच, सुरक्षित जागी जावं. ११२ वर पोलीस, १०८ वर रुग्णवाहिका. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन क्रमांक घरून निघतानाच फोनमध्ये साठवून ठेवा. बोलताना आधी अक्षांश-रेखांश सांगा, मग कुठल्या गावातून चढलात, आणि लगेच पुढे सांगा की तुम्ही कड्याच्या वर आहात की खाली. सोडवणारी टोळी कुठल्या गावातून निघायची ते यावरच ठरवते, आणि चुकीच्या बाजूने निघाली तर तिचे चार-पाच तास जातात. फोनची बॅटरी वाचवा, एकच फोन चालू ठेवा, बाकीचे बंद करा. आणि खाली गावात ज्या घरी गाडी लावलीत तिथे सकाळीच सांगून ठेवा की कुठल्या वाटेने चाललोय, कुठल्या गुहा बघणार आहोत आणि किती वाजेपर्यंत परत आलो नाही तर शोधायला निघायचं.